दहा अंश, सव्वीस कला

भागुजी पाटकऱ्याची लेक पाण्यात डॉक्टर होणार, ही बातमी शिनोलीत पोचली तेव्हा चांगदेवतात्यांनी पारावरूनच तिला हाक मारली होती, "पाण्याला काय रोग झालाय गं, तेजू?" पारावरची सगळी हसली. तेजस्विनीही हसली. चांगदेवतात्या म्हणजे दोनदा सरपंच झालेला माणूस. जमीन भरपूर आणि जीभ त्याहून लांब. त्यांच्या चेष्टेला उत्तर द्यायला बसलं की दिवस मावळायचा.

शिवाय उत्तर द्यायचं तरी काय? ती अहमदाबादच्या एका सरकारी संस्थेत समुद्राच्या पोटातल्या लाटांचा अभ्यास करत होती. समुद्राचं वरचं पाणी ऊबदार, खालचं गार. ही दोन्ही पाणी जिथं एकमेकांना टेकतात, तिथं वर कुणाला पत्ता नसताना पन्नास-साठ मीटर उंचीच्या लाटा चालत असतात. वरचं पाणी त्यानं जेमतेम हलतं. पण त्यावर गुळगुळीत आणि खरखरीत पाण्याचे लांबच लांब पट्टे उमटतात, आणि ते पट्टे आभाळातल्या उपग्रहाच्या रडारला दिसतात. गोधडीखाली झोपलेलं पोर कूस बदलतं तेव्हा वरून गोधडीची घडी सरकताना दिसते, तसंच हे. पोर काही दिसत नाही.

हे तिनं गावात कुणालाच नीट सांगितलं नाही. चुकली ती इथंच. अठ्ठ्याण्णव सालच्या जयंतीला बुद्धविहारासमोर तिचा सत्कार झाला. शाल, नारळ, सगळं रीतसर. चांगदेवतात्यांनी माईक हातात घेतला आणि ठोकून दिलं, "आपली तेजू आभाळातनं समुद्राचा तळ बघती!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत भागुजी बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून, गुडघ्यावर हात ठेवून. त्याचं तोंड असं उजळलं की तेजस्विनीच्या ओठांवर आलेलं "तसं नाही हो" तिथंच विरलं. घरी आल्यावर त्यानं हळूच विचारलंसुद्धा, "खरंच गं? खालचं दिसतं?" तेवढा एक क्षण होता. ती म्हणाली, "हो बाबा, दिसतं." मोठी माणसं म्हणतात ते उगीच नाही, खोट्याला पाय नसतात. पण त्याला नख्या असतात, हे मात्र कुणी सांगत नाही.

कारण भागुजीच्या घरात पाण्याखालचं दिसणं ही साधी गोष्ट नव्हती. भागुजी पाटबंधारे खात्यात पाटकरी. आधी जुन्नरच्या बाजूला होता, मग डिंभे धरणाचं पाणी कालव्याला सुटल्यावर इकडं आला. कुणाच्या रानाला किती तास पाणी, कोणतं दार किती वेढे उघडायचं, हे त्याचं रोजचं काम. पण पंचक्रोशीत त्याचं नाव निघायचं ते निराळ्याच कामासाठी. कालव्यात माणूस वाहून गेलं की लोक आधी भागुजीच्या दारात यायचे आणि मग पोलिसांकडे जायचे. तो तीन गोष्टी विचारायचा. कुठून गेलं, केव्हा गेलं, अंगात काय होतं. नऊवारी असेल तर एक हिशोब, पॅन्ट असेल तर दुसरा. मग सायकल काढायचा, बांबूचा आकडा घ्यायचा आणि कालव्याच्या कडेनं निघायचा. पुढं मोरीच्या जाळीला किंवा वळणावरच्या झुडपात माणूस सापडायचं. भागुजी स्वतः पाण्यात उतरायचा, आपल्या खांद्यावरचा टॉवेल त्या माणसाच्या तोंडावर टाकायचा आणि मगच घरच्यांना हाक मारायचा. कोणाचा कोण, कुठल्या जातीचा, हे त्यानं कधी विचारलं नाही. एरवी ज्यांनी त्याला ओसरीच्या पायरीशी उभं केलं असतं, त्या घरांतल्या बायकांनीही त्याचे पाय धरले होते. ज्याचा त्याचा माणूस त्यानं ज्याच्या त्याच्या हवाली केला होता.

आणि त्याच भागुजीचा मुलगा समुद्रात गेला.

रुपेश तेजस्विनीहून सात वर्षांनी लहान. घोडेगावात शिकला, मग कुणाच्या तरी ओळखीनं खलाशाचं प्रशिक्षण घेतलं आणि मालवाहू जहाजावर लागला. घरात समुद्र पाहिलेलं कुणी नव्हतं. समुद्राचं वेड घरात आणलं ते तेजस्विनीनं. सुट्टीत आली की तिच्या पिशवीत पट्ट्यापट्ट्यांची करडी चित्रं असायची आणि हा पोरगा पालथा पडून ती बघत बसायचा. पहिल्यांदा बोटीवर निघाला तेव्हा म्हणाला होता, "ताई, तू वरनं बघ. मी खालनं हात करतो. ओळख दे म्हंजे झालं." पारूबाईनं, त्यांच्या आईनं, दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला होता. असलं बोलू नये म्हणून.

दोन हजार एक सालच्या मार्चमध्ये कंपनीचा फोन चांगदेवतात्यांच्या घरी आला. अंदमानच्या समुद्रात, पहाटेच्या पाळीला माणसं मोजली तेव्हा रुपेश नव्हता. जहाज मागं वळवलं, दिवसभर शोधलं, सापडला नाही. चेष्टेखोर तात्या एवढा निरोप घेऊन भागुजीच्या दारात आले आणि त्यांना तोंडातून शब्द काढायला पाऊण तास लागला.

तेजस्विनी तिसऱ्या दिवशी घरी पोचली. घर माणसांनी भरलेलं. पारूबाई भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे. भिमाजीबुवा, गावातले बौद्धाचार्य, सगळे विधी तेच चालवायचे, दबक्या आवाजात म्हणत होते, "भागुजी, आठवड्याच्या आत जलदान उरकलं पायजे. पोराच्या नावानं चार माणसांना धम्म ऐकवू, पुण्य अर्पण करू. रीत हाय ती."

"न्हाई," भागुजी म्हणाला.

"आरं, पर..."

"माणूस हाती लागल्याबिगर जलदान न्हाई. मी एवढ्या लोकांस्नी त्यांची माणसं काढून दिली. कुणाचंबी माणूस बघितल्याबिगर त्याचं पाणी सोडू दिलं न्हाई. आन् माझ्याच पोराचं सोडू?" मग तो लेकीकडं वळला. डोळ्यांत काय होतं ते तिला आधी कळलंच नाही. ती आशा होती. "तुझा फोटो हाय ना तिथला? तूच म्हणालीस, अंदमानचा समुद्र तुझ्याकडं हाय. जा. बघून ये. मी इथं कालव्यात बघतो, तू तिथं बघ. एवढंच तर हाय."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. आभाळातून समुद्राचा तळ बघणारी तेजू. ती "जाते" म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? बापाचं सगळं दुःख त्या एका फोटोवर टांगलेलं, आणि ती खुंटी तिनंच ठोकलेली.

फोटो होता, हीच तर पंचाईत. त्या पहाटेनंतर काही तासांनी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, उपग्रह त्या समुद्रावरून गेला होता, आणि तिच्या प्रबंधासाठी त्या महिन्याचे फोटो आधीच मागवलेले होते. तीन आठवड्यांनी तो संस्थेत आला. आजवर पाहिलेल्यांत सगळ्यात सुरेख. एकामागोमाग एक सात लाटा, धनुष्यासारख्या वाकलेल्या, शंभर-शंभर किलोमीटर लांब. तिच्या मार्गदर्शकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "याला म्हणतात नशीब! हा प्रबंधाच्या पहिल्या पानावर घाल." त्यांना रुपेशचं माहीत होतं. तारीख तेवढी त्यांनी वाचली नव्हती.

त्या फोटोत जहाजं नव्हती. कशी असतील? जहाजं रडारला पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात आणि लाटा मोजताना मध्ये येतात, म्हणून संगणकाला आधीच सांगून ठेवलेलं असतं की ठिपके पुसून टाक. तो नियम तेजस्विनीनंच दोन वर्षांपूर्वी लिहिला होता आणि त्याबद्दल शाबासकीही मिळवली होती. तिनं मूळ फोटो काढला. पाच ठिपके होते. त्यांतला एक रुपेशचं जहाज असेल, मागं वळून त्याला हाका मारणारं. कोणता, ते कळायला मार्ग नव्हता. तिनं भिंग लावून चौकट न् चौकट पाहिली. एका चौकटीत पंचवीस-तीस मीटर समुद्र मावतो. त्यात तिचा पाच फूट सहा इंचांचा भाऊ कुठं दिसणार होता? हे सगळं तिला तोंडपाठ होतं. तरी ती चार दिवस बघत राहिली. वेडी बहीण जे करील तेच शहाण्या संशोधक बाईनं केलं.

कंपनीचं पत्रही तिनंच वाचलं. त्यात लिहिलं होतं, रात्र शांत होती, वारा नव्हता, फक्त पहाटे उकळल्यासारख्या पाण्याचा एक पट्टा जहाजाला आडवा गेला. त्या समुद्रातल्या खलाशांना तो पट्टा कशाचा ते ठाऊक नसतं. तिला ठाऊक होतं. त्या पट्ट्याखालून चालत गेलेली लाट तिच्या टेबलावर पडली होती, प्रबंधाच्या पहिल्या पानासाठी. त्या लाटेनंच त्याला घेतलं, की पाय घसरला, की आणखी काही, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. तेजस्विनीनं ते पत्र घडी घालून ठेवलं आणि कुणाला त्याबद्दल सांगितलं नाही.

एप्रिलच्या शेवटी ती तो मूळ फोटो घेऊन निघाली. पुण्याहून एसटीत बसल्यापासून एकच वाक्य घोकत होती, 'बाबा, मला खालचं दिसत नाही, कधीच दिसत नव्हतं, मी खोटं बोलले होते.' मंचर गेलं, घोडेगाव गेलं, वाक्य पाठ झालं. शिनोलीच्या थांब्यावर उतरली तर पारूबाई तिथंच बसलेली. आई न्यायला आलेली पाहून तिला भरून आलं. मग कळलं, ती लेकीला न्यायला आलीच नव्हती. महिनाभर ती रोज दुपारी तिथं येऊन बसत होती. गाडी आली की उठायची, उतरणारी माणसं बघायची आणि पुन्हा बसायची.

"हे असं चालायचं न्हाई, तेजू," पारावरून उठून आलेले चांगदेवतात्या तिला बाजूला घेऊन म्हणाले. त्यांचा आवाजच बदलला होता. "तुझी आई रोज रुपेशचं एक ताट जास्तीचं वाढती. ते झाकून ठिवती. सकाळी गाईला घालती. बा हट्टाला पेटलाय, जलदान करू देत न्हाई, म्हणून तिला वाटतं पोरगं हाय कुठंतरी. काय ते एकदाचं सांग बाई."

घरात चटईवर फोटो पसरला. गुंडाळी पुन्हा पुन्हा मिटत होती, म्हणून चार कोपऱ्यांवर तांब्या, पोळपाट, उंबऱ्याशी पडलेला दगड आणि भागुजीचं कुलूप ठेवलं. भिमाजीबुवा आले, तात्या आले. भागुजी गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ बघत होता. कालव्याचं पाणी बघायचा तसाच, डोळे बारीक करून.

"ही सगळी लाट?"

"हो."

"आन् ह्यो पांढरा?"

"जहाजं आहेत. त्यातलं एक त्याचं असेल. कुठलं ते सांगता येत नाही." एवढं ती खरं बोलली. घोकलेलं वाक्य आता जिभेवर होतं. तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात पारूबाई पुढं सरकली. महिनाभरात ती आपणहून कुणाशी बोललीच नव्हती. तिनं तो मोठा करडा कागद हातानं चाचपला, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा, आणि मान वर करून विचारलं, "ह्यात कुठं हाय गं तो?"

तेजस्विनीचं बोट कागदावर टेकलं. तिलाही आश्चर्य वाटलं. "इथं," ती म्हणाली.

"हे बघ आई, इथं. दुसऱ्या आणि तिसऱ्या लाटेच्या मधोमध. दहा अंश, सव्वीस कला उत्तर. चौऱ्याण्णव अंश, चाळीस कला पूर्व. साठ मीटर खाली. तिथं पाणी शांत असतं. त्याला काही त्रास झालेला नाही."

"नक्की?" भागुजीनं विचारलं.

"नक्की."

भागुजीनं तिच्याकडं पाहिलं. आणखी काही विचारील म्हणून तिनं अंग आवळून घेतलं. पण पारूबाईच्या घशातून आवाज फुटला होता. महिनाभर अडलेलं रडू आलं ते असं आलं की शेजारच्या बायका धावत आल्या. भागुजी त्या रडण्याकडं बघत राहिला. मग उठला, भिंतीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि भिमाजीबुवांना म्हणाला, "सापडला. रविवारी जलदान करा."

रविवारी अंगणात मांडव घातला. पांढऱ्या कपड्यावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि खलाशाच्या पोशाखातला रुपेश, जरा जास्तच ऐटीत हसणारा. शंभरेक माणूस आलं. भागुजीनं ज्यांची माणसं काढून दिली होती, ती घरंही आली, पार जुन्नरपासून. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग भागुजीनं आणि पारूबाईनं मिळून तांब्यातलं पाणी खालच्या भांड्यात सोडायला सुरुवात केली. भांडं भरलं, भरून वाहू लागलं, आणि भिमाजीबुवांनी अर्थ सांगितला. नद्यांचं पाणी जसं वाहत वाहत समुद्राला पोचतं, तसं इथं दिलेलं गेलेल्या माणसाला पोचतं.

"पोचतंच की," चांगदेवतात्या मध्येच बोलले. विधीत बोलू नये, पण त्यांना राहवलं नाही. "आपली घोड नदी भीमेला जाती, भीमा कृष्णेला आन् कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. त्याच अंगाला हाय आपला रुपेश. पारू, तुझं पाणी पोचतंय बघ." पारूबाईनं मान हलवली आणि पदरानं डोळे पुसले. त्या रात्री तिनं जास्तीचं ताट वाढलं नाही आणि ती झोपली.

गावात तर तेजस्विनीचा जयजयकार झाला. उपग्रहानं पोरगं शोधलं, असं लोक घोडेगावच्या बाजारात सांगू लागले. ती घराबाहेर पडेना. लोकांची एकेक शाबासकी तिला चपराकीसारखी लागत होती. पण आई झोपते आहे, जेवते आहे, हे बघून ती स्वतःला समजावत होती, झालं ते बरंच झालं. बापानं त्या दिवसानंतर फोटोचं नाव काढलं नव्हतं.

मंगळवारी ती परत निघाली. भागुजी बॅग घेऊन थांब्यापर्यंत आला. ऊन चढलं होतं. दोघं लिंबाच्या सावलीत उभी राहिली. गाडीला वेळ होता.

"तळेघरच्या ठमाबाईची पोर वाहून गेली व्हती," भागुजी एकदम म्हणाला. "तू बारावीला व्हतीस. मी तवा जुन्नरच्या अंगाला. ती माणसं डोंगरातनं खाली कांदं काढाय आली व्हती. नऊ वर्साची पोर, भांडी घासता घासता गेली. सोळा दिस शोधली मी. न्हाई घावली."

तेजस्विनीनं हे कधी ऐकलं नव्हतं. घरात सगळ्यांना वाटायचं, बाबांना सापडलं नाही असं माणूसच नाही.

"आई तिची कालव्यावरनं उठंना. खाईना, पिईना. मग मी तिला सांगितलं, घावली बाई. बघण्याजोगी न्हवती, म्हणून मीच माती दिली. जांभळीच्या बुडाला, डोकं उत्तरंला, वर तीन दगडं ठेवल्यात, मधलं काळं. तिनं जाऊन तिथं फुलं वाह्यली आन् गावाला गेली. अजून वर्साला येती, माझ्यासाठी शेर-दोन शेर तांदूळ घेऊन. लई दुवा देती. मला तो भात गिळवत न्हाई."

"बाबा..."

"ऐक. बाकीची माणसं घावली ना, खरीखुरी, तवा मी कधी नक्की सांगितलं न्हाई. 'बघू' म्हणायचो. 'ह्या अंगाला येईल, न्हायतर त्या. आज न्हायतर उद्या.' खरं सांगताना माणूस चाचपडतो गं. खोटं बोललो ती एकदाच, तवा मात्र दगडाचा रंगसुदीक सांगितला."

गाडीचा हॉर्न वळणावर ऐकू आला. तेजस्विनीच्या डोळ्यांपुढं दहा अंश, सव्वीस कला नाचत होते. तिनं बापाचा हात धरला. तो हात तिच्या हातात तसाच राहिला, ना त्यानं काढून घेतला, ना दाबला.

"मी नाराज न्हाई तुझ्यावर," तो म्हणाला. "आई झोपली तुझी. मीबी तुझ्या जागी तेच केलं असतं, केलंय. म्हणून तिच्यासमोर काय इचारलं न्हाई."

गाडी येऊन थांबली. त्यानं बॅग दारातून आत सरकवली. कंडक्टर घाई करत होता. ती पायरीवर चढली आणि वळली. आता सांगायला खोटं उरलं नव्हतं आणि खरं त्याला ती सांगण्याआधीच कळलं होतं.

"पर बोट टेकवलंस ना तू, त्याच वक्ताला मला समजलं, तुझ्या फोटोत काय दिसत न्हाई," भागुजी म्हणाला. "तवर मला वाटत व्हतं, कुणाला तरी तो दिसतोय."